मागच्याला पुढे जाऊ दे: फॉर्म्युला वनमधली टीम ऑर्डर आणि न्यायाचा प्रश्न

७ सप्टेंबर २०२५, रविवार. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशीच झाली होती, पण समुद्राच्या भरती-ओहोटीमुळे लालबागच्या राजाचं विसर्जन खोळंबलं होतं आणि गिरगावातली गर्दी हटायचं नाव घेत नव्हती. रात्री चंद्रग्रहण, म्हणून आईची स्वयंपाक लवकर उरकायची घाई. टीव्हीवर चौपाटी चालू होती आणि माझ्या मोबाइलवर इटलीतली मोंझाची शर्यत, संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेली. शेजारी मामा. तरुणपणी त्याने कित्येक रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घालवलेत. गाड्यांमध्ये त्याला फारसा रस नाही, पण कुठलीही शर्यत लागली की त्याचं लक्ष जातंच.

शर्यत ५३ फेऱ्यांची. ४९व्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावरच्या ऑस्कर पियास्ट्रीने सरळ पट्ट्यावर वेग कमी केला आणि मागचा लँडो नॉरिस त्याच्या बाजूने निघून गेला. दोघांच्या गाड्या मॅक्लारेनच्या, एकाच नारिंगी रंगाच्या. मामाने चष्मा वर केला.

"हे काय? त्याने मुद्दाम सोडलं त्याला?"

"हो. टीमने रेडिओवर सांगितलं."

"सगळ्यांदेखत? आणि स्टुअर्ड, ते पंच, काय करतायत? महालक्ष्मीला एखाद्या जॉकीने असा लगाम खेचला असता ना, तर संध्याकाळच्या आत चौकशी लागली असती."

मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि ते अपुरं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. मामाचा प्रश्न साधा आहे आणि तो अगदी मुळावर बोट ठेवतो: जी शर्यत जिंकण्यासाठी धावायची, तिच्यात एखाद्याला हरायला सांगणं चालतंच कसं?

घोड्यांच्या शर्यतीत ते चालत नाही. प्रत्येक घोडा त्याच्या कुवतीप्रमाणे पूर्ण ताकदीने पळवलाच पाहिजे, हा तिथला पायाभूत नियम. एकाच मालकाचे दोन घोडे एका शर्यतीत असले तरी दोघांनी जिंकण्यासाठीच पळायचं. त्याचं कारण खिडकीवर उभं असतं. लोकांनी एकेका घोड्यावर स्वतःचे पैसे लावलेले असतात. मालकाला दोघांपैकी कोण जिंकला याने फरक पडत नसेल, पण तिकीट घेतलेल्या माणसाला पडतो.

मोटर रेसिंगची मांडणी पहिल्यापासून वेगळी आहे. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात आणि वर्षाच्या शेवटी विजेतेपदं दोन: एक ड्रायव्हरचं, १९५० पासूनचं, दुसरं गाडी बनवणाऱ्या टीमचं, १९५८ पासूनचं. आपण पोस्टर लावतो ते ड्रायव्हरचं. बक्षिसाची रक्कम ठरते ती टीमच्या क्रमवारीवरून. म्हणजे एकाच डांबरी रस्त्यावर, एकाच वेळी, दोन वेगळ्या स्पर्धा चालू असतात आणि ड्रायव्हर त्या दोन्हींत असतो. एकीत सोबतची गाडी त्याची भागीदार, दुसरीत तीच गाडी त्याची पहिली प्रतिस्पर्धी. या खेळात म्हणतातच की तुला सगळ्यात आधी हरवायचं असतं ते स्वतःच्या टीममधल्या दुसऱ्याला, कारण तुझ्यासारखीच गाडी फक्त त्याच्याकडे असते.

आता गुणांकडे बघा. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, आणि असं करत दहाव्याला १. मोंझाला मॅक्लारेनच्या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या होत्या. पियास्ट्री पुढे असो की नॉरिस, टीमच्या खात्यात १८ अधिक १५, म्हणजे ३३च जमा होणार. अदलाबदलीत टीमचा एक गुणही जात नाही. जे जातं ते पूर्णपणे त्या एका माणसाचं जातं, आणि तेही त्याच्याच सहकाऱ्याच्या नावावर लिहिलं जातं. टीम ऑर्डर, म्हणजे टीमने ड्रायव्हरला दिलेला असा आदेश, लोकांना का खुपते, हे या हिशेबात दिसतं. निर्णय घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

मग टीम असं सांगते तरी कशाला? बहुतेक वेळा वर्षाच्या विजेतेपदासाठी. दोघांपैकी एकालाच ते मिळण्याची शक्यता उरली असेल आणि समोर दुसऱ्या टीमचा तगडा ड्रायव्हर असेल, तर आपले गुण आपल्याच दोघांत वाटून घेणं टीमला परवडत नाही. कधी कारण त्याहून साधं असतं: दोन्ही गाड्या पुढे आहेत, थोड्या फेऱ्या उरल्यात, आता आपसात भिडून दोन्ही फोडू नका. फोर्स इंडिया ही भारताच्या परवान्यावर धावणारी टीम आठवत असेल. २०१७ मध्ये तिच्या सर्जिओ पेरेझने कॅनडात एस्तेबान ओकोनला पुढे सोडायला नकार दिला. पुढे बाकूला दोघं एकमेकांवर आदळले, बेल्जियममध्ये पुन्हा आदळले, आणि तेव्हा कुठे टीमने ठरवलं की यापुढे आमचं ऐकायचं. अशा 'जागेवर राहा' आदेशाला मी दोष देत नाही. शेकडो माणसांनी राबून बनवलेल्या दोन गाड्या आहेत त्या.

ज्या आदेशाने हा सगळा वाद जगभर पेटला, त्याला मात्र असलं कोणतंही कारण नव्हतं. १२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचा रुबेन्स बारिकेलो पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटला आणि जवळजवळ अख्खी शर्यत पुढे राहिला. मागे त्याच्याच टीमचा मायकेल शूमाकर. हंगामातली ही १७ पैकी सहावी शर्यत. शूमाकरचे तोवर ४४ गुण झाले होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या हुआन पाब्लो मोंटोयाचे २३. इतकी आघाडी असूनही बारिकेलोला सांगण्यात आलं की बाजूला हो. त्याने शेवटच्या वळणापर्यंत ऐकलं नाही. मग रेषा अगदी समोर असताना पाय वर घेतला आणि शूमाकर जिंकला. फरक ०.१८२ सेकंद. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरने पदक समारंभात बारिकेलोला सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं आणि आपली ट्रॉफी त्याच्या हातात दिली. शूमाकरने ते विजेतेपद जुलैतच खिशात घातलं आणि वर्षाअखेर त्याच्यात आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बारिकेलोत ६७ गुणांचं अंतर होतं. ऑस्ट्रियातले ते चार जादा गुण कशालाच लागले नाहीत.

त्या प्रकाराला दहा लाख डॉलरचा दंड झाला, अर्धी रक्कम स्थगित. पण दंड झाला तो समारंभाचा शिष्टाचार मोडल्याबद्दल. आदेश देण्याविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता. म्हणून २००३ पासून नियम आला: शर्यतीच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी.

बंदी कागदावर सोपी वाटते. ती का टिकली नाही, हे समजायला फेलिपे मासा या एका माणसाची कारकीर्द पुरे आहे.

मासा ब्राझीलचा, फेरारीचा. २००७ ची शेवटची शर्यत त्याच्याच गावी, साओ पाउलोला. तो पुढे होता, पण विजेतेपद मिळण्याची शक्यता त्याच्या सहकाऱ्याला, किमी रायकोनेनला होती. पिटमधल्या, म्हणजे टायर आणि इंधनासाठीच्या, थांब्यांच्या वेळा अशा जुळल्या की रायकोनेन पुढे आला, जिंकला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला: ११० विरुद्ध लुईस हॅमिल्टन आणि फर्नांडो अलोन्सो यांचे १०९. बंदी लागू होती. कुणाला दंड झाला नाही, कारण पकडायचं काय? एका गाडीला एक-दोन फेऱ्या उशिरा बोलावणं हा डावपेच की आदेश, हे बाहेरून कुणी सिद्ध करणार कसं?

पुढच्या वर्षी पारडं फिरलं. चीनच्या शर्यतीत रायकोनेनने मासाला जागा दिली. विजेतेपदाच्या शर्यतीत आता मासा होता, आणि ते त्याचं एका गुणाने हुकलं, हॅमिल्टनचे ९८ विरुद्ध त्याचे ९७. त्याच २००८ च्या हंगामात सिंगापूरला तो पुढे असताना रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने १४व्या फेरीला गाडी भिंतीवर घातली. सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली, आधीच पिटमध्ये जाऊन आलेल्या अलोन्सोचा फायदा झाला आणि तो जिंकला. अलोन्सो पिकेचाच सहकारी. वर्षभराने उघड झालं की ती धडक टीमने घडवून आणली होती. टीम चालवणाऱ्या फ्लाव्हियो ब्रियातोरे आणि पॅट सिमंड्स यांना टीम सोडावी लागली. मासाने त्या हंगामाबद्दल २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला. माझ्या लेखी सिंगापूरचा प्रकार टीम ऑर्डरच्या वादात बसतच नाही. ती फसवणूक होती, आणि ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशी केलेला खेळ होता.

आणि मग २०१०, जर्मनीत हॉकेनहाइम. २५ जुलै. बरोबर एक वर्षापूर्वी, २५ जुलैलाच, हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग मासाच्या हेल्मेटवर आदळली होती आणि तो जेमतेम वाचला होता. आता तो परत आला होता आणि शर्यतीत पुढे होता. मागे अलोन्सो, आता फेरारीतला त्याचा सहकारी. त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली रेडिओवर आला. शब्द तोलून मापून, एकेक वेगळा उच्चारत त्याने सांगितलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे, आणि पुढे विचारलं की हा निरोप तुला समजला का. 'बाजूला हो' हे शब्द त्यात कुठेच नव्हते. तसं म्हटलं तर ती निव्वळ माहिती होती. मासाने अलोन्सोला जाऊ दिलं. तो आवाज मी आजही ऐकला की पोटात कालवतं. सांगणाऱ्यालाही ते सांगवत नव्हतं, हे स्पष्ट कळतं.

फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र तसाच राहिला. त्या अदलाबदलीने अलोन्सोला सात गुण जास्त मिळाले आणि वर्षाअखेर विजेतेपद त्याने चार गुणांनी गमावलं. २०११ पासून बंदी उठली. नियम करणाऱ्यांनी मान्य केलं की जो नियम राबवताच येत नाही, तो लोकांना फक्त सांकेतिक भाषा शिकवतो. 'इंधन वाचव', 'टायर सांभाळ', अशी वाक्यं रेडिओवर ऐकू यायची आणि त्यातल्या कुठल्याचा खरा अर्थ काय, हे टीमलाच ठाऊक. मोटारसायकलच्या शर्यतींतही २०१७ मध्ये डुकाटीने होर्हे लोरेन्झोच्या गाडीवरच्या छोट्या पडद्यावर 'मॅपिंग ८ सुचवतो' असा निरोप पाठवला होता. वाचायला इंजिनची सेटिंग, अर्थ सहकाऱ्याला वाट दे.

मासाचं अजून एक सांगायचं राहिलं. २०१२ मध्ये अमेरिकेत, ऑस्टिनला, शर्यतीआधीच्या रांगेत तो अलोन्सोच्या पुढे होता. सुरुवातीच्या रांगेत एका बाजूचा रस्ता स्वच्छ आणि पकड चांगली, दुसऱ्या बाजूला धूळ. अलोन्सो धुळीच्या बाजूला येत होता. फेरारीने मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं. त्याची शिक्षा पाच जागा मागे. मासा मागे गेला, अलोन्सो एक जागा सरकून स्वच्छ बाजूला आला. फेरारीने हे लपवलं नाही, आणि नियमातही ते बसत होतं. मासा ११व्या जागेवरून सुटून चौथा आला. मला त्याच्या या चौथ्या क्रमांकाचं फार मोल वाटतं.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं, आणि मुंबईत ते आठवल्याशिवाय राहणारही नाही. मार्च २००४, मुलतान कसोटी. सचिन १९४ वर नाबाद आणि राहुल द्रविडने डाव घोषित केला. सौरव गांगुली दुखापतीमुळे बाहेर, म्हणून द्रविड हंगामी कर्णधार. ५ बाद ६७५. भारत ती कसोटी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. तरी त्या सहा धावांवरून आमच्या गल्लीत लोक महिनाभर एकमेकांशी तावातावाने बोलत होते. 'संघ मोठा की माणूस' हा तोच प्रश्न. पण दोन्हींत एक फरक आहे आणि तो मोठा आहे. सचिनच्या न झालेल्या सहा धावा दुसऱ्या कुणाच्या नावावर चढल्या नाहीत. द्रविडने त्या स्वतःच्या खात्यात घेतल्या नाहीत, सेहवागला दिल्या नाहीत. १९४ हा आकडा सचिनचाच राहिला आणि बघणाऱ्या प्रत्येकाला त्यामागची गोष्ट माहीत आहे. दहीहंडीत खालच्या थरातला गोविंदा हंडीला हात लावत नाही, पण वरच्या पोराच्या नावाने वेगळी क्रमवारीही कुणी ठेवत नाही. बक्षीस पथकाचं. फॉर्म्युला वनमध्ये पथकही आहे आणि वरच्या पोराची क्रमवारीही आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकात फक्त दुसरी वाचली जाते. बारिकेलोच्या २००२ च्या ऑस्ट्रियापुढे 'दुसरा' एवढंच लिहिलेलं आहे.

आता मोंझाकडे वळू. पण तिथला तिढा उलगडायला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, ती म्हणजे अंडरकट.

शर्यतीत टायर बदलायला प्रत्येकाला निदान एकदा पिटमध्ये यावंच लागतं. बदलायला दोन-अडीच सेकंद, पण पिटच्या गल्लीतून हळू जावं लागतं, त्यामुळे एकूण वीस सेकंदांच्या आसपास जातात. हे सगळ्यांचेच जातात. फरक पडतो तो कोण आधी गेला याने. समजा मी तुमच्या मागे दीड सेकंदावर आहे. मी आधी पिटमध्ये जाऊन नवे टायर घातले. आता मी नव्या टायरवर पळतोय आणि तुम्ही झिजलेल्या. त्या एका फेरीत मी तुमच्यापेक्षा दोन सेकंद वेगाने गेलो, तर पुढच्या फेरीला तुम्ही पिटमधून बाहेर येता तेव्हा मी तुमच्या अर्धा सेकंद पुढे असतो. ट्रॅकवर मी तुम्हाला ओलांडलेलंच नाही. म्हणून रिवाज असा की एकाच टीमच्या दोन गाड्यांत जो पुढे असेल त्याला आधी पिटमध्ये बोलवायचं. त्याची कमावलेली जागा अंडरकटने जाऊ नये, म्हणून.

२०२४ च्या हंगेरीत मॅक्लारेनने हा रिवाज उलटा केला. पियास्ट्रीने सुरुवातीलाच आघाडी घेतली होती आणि आयुष्यातला पहिला विजय त्याच्या समोर दिसत होता. मागे नॉरिस. टीमला मागून येणाऱ्या हॅमिल्टनची धास्ती, म्हणून तिने नॉरिसला आधी बोलावलं, ४५व्या फेरीला, पियास्ट्रीला ४७व्या. अपेक्षेप्रमाणे नॉरिस पुढे निघाला. मग टीम त्याला सांगू लागली की जागा परत दे. नॉरिस तेव्हा वर्षाच्या विजेतेपदासाठी मॅक्स वेरस्टॅपनचा पाठलाग करत होता, सात गुण त्याला हवेच होते. फेऱ्या सरत होत्या, इंजिनिअर विनवत होता, नॉरिस गप्प. शेवटी ७० पैकी ६८व्या फेरीला त्याने वेग कमी केला. दिसायला हा २००२ सारखाच देखावा, पण अर्थ उलटा. इथे आदेशाने पियास्ट्रीची जागा नॉरिसला मिळाली होती, आणि दुसऱ्या आदेशाने ती मूळ मालकाला परत गेली. मला तो आदेश पूर्ण न्याय्य वाटतो. टीमने जे स्वतःच्या हाताने हलवलं, ते तिने जागेवर ठेवलं.

मोंझाला वेरस्टॅपन बराच पुढे होता. मॅक्लारेनमध्ये नॉरिस पुढे, पियास्ट्री मागे. पुन्हा टीमला मागच्याला आधी बोलवावंसं वाटलं, यावेळी फेरारीच्या शार्ल लक्लेरपासून बचाव म्हणून. नॉरिसने विचारून घेतलं की याने माझी जागा जाणार नाही ना. त्याला शब्द मिळाला. पियास्ट्री ४५व्या फेरीला आला, काम १.९ सेकंदांत झालं. पुढच्या फेरीला नॉरिस आला आणि पुढचं डावं चाक बसेना. ५.९ सेकंद. तो बाहेर आला तेव्हा पियास्ट्री पुढे होता. टीमने पियास्ट्रीला सांगितलं, जागा परत दे. पियास्ट्रीने रेडिओवर म्हटलं की पिटमध्ये उशीर होणं हा शर्यतीचा भाग असतो असं आपलं ठरलं होतं, मग आता काय बदललं ते मला कळत नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर करतो. आणि त्याने केलं.

टीमची बाजू पोकळ नाही. नॉरिसने आधी जाण्याचा हक्क सोडला तो एका शब्दावर विसंबून, आणि दिलेला शब्द पाळला नाही तर उद्या कुठलाच ड्रायव्हर टीमवर विश्वास ठेवणार नाही. माझा एक मित्र अजूनही हेच मांडतो आणि त्याचं म्हणणं मी आदराने ऐकतो. तरी मला पियास्ट्रीचं पटतं. नॉरिसची जागा क्रम उलटल्यामुळे गेली नव्हती, चाक अडकल्यामुळे गेली होती. समजा रिवाजाप्रमाणे नॉरिस आधी आला असता आणि त्याचे तेच ५.९ सेकंद गेले असते, तरीही पियास्ट्री त्याच्या पुढेच निघाला असता, आणि तेव्हा जागा परत मागायचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. चाक अडकणं आज याच्या वाट्याला, उद्या त्याच्या. इंजिन बंद पडतं, पाऊस येतो, सेफ्टी कार नेमकी नको तेव्हा येते. याच्या आधीच्याच शर्यतीत, नेदरलँड्समध्ये, नॉरिसची गाडी तेलगळतीने बंद पडली होती. ते गुण काही कुणी त्याला परत आणून दिले नाहीत. नशिबाचा हिशेब टीमने चुकता करायला घेतला की त्याला शेवट राहत नाही.

मामाच्या प्रश्नाला आज मी उत्तर देईन ते असं. आदेशाने काय केलं ते बघायचं. टीमने स्वतःच्या डावपेचाने हलवलेली जागा ती परत करतेय, की माणसाने रस्त्यावर कमावलेली त्याच्याकडून काढून घेतेय? आणि हे आधी ठरलं होतं का? २०१७ मध्ये हंगेरीत मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासने हॅमिल्टनला पुढे सोडलं, बोली अशी की पुढच्या फेरारी गाठता आल्या नाहीत तर जागा परत. हॅमिल्टनला गाठता आल्या नाहीत. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर, मागून वेरस्टॅपन येत असताना, त्याने बोटासला पुढे काढलं आणि १५ ऐवजी १२ गुण घेतले. विजेतेपदासाठी तो तेव्हा सेबास्टियन वेटेलशी झुंजत होता. याच वेटेलने २०१३ मध्ये मलेशियात उलटं केलं होतं. रेड बुलने ठरवलं होतं की मार्क वेबर पुढे राहील आणि वेटेल मागे. वेबरने इंजिनचा वेग उतरवला आणि वेटेलने त्याला गाठून शर्यत जिंकली. आदेश मोडणारा बंडखोर म्हणून काहींनी त्याचं कौतुक केलं. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. वेबर शब्दावर विसंबून सावकाश चालला होता.

सगळ्यांत जुनं उदाहरण आदेशाचं नाहीच. १९५६, हेच मोंझा, हंगामाची शेवटची शर्यत. हुआन मॅन्युएल फँजिओची फेरारी बिघडली. तेव्हा शर्यतीच्या मध्ये सहकाऱ्याची गाडी घेता यायची. लुइजी मुस्सोने आपली दिली नाही. पीटर कॉलिन्स पिटमध्ये आला, फँजिओला बघितलं आणि गाडीतून उतरून ती त्याला दिली. कॉलिन्सला स्वतःलाही विजेतेपदाची संधी होती. फँजिओ तीन गुणांनी विश्वविजेता झाला. कॉलिन्स २४ वर्षांचा होता, पुढे वेळ आहे असं त्याला वाटलं असणार. १९५८ मध्ये जर्मनीतल्या शर्यतीत तो गेला. विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

मामाला हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो. ७ डिसेंबरला, पुन्हा रविवारी साडेसहाला, हंगामाची शेवटची शर्यत अबुधाबीत सुरू झाली तेव्हा तो न बोलावता येऊन बसला. वेरस्टॅपन जिंकला, पियास्ट्री दुसरा, नॉरिस तिसरा, आणि तेवढ्यावर नॉरिस विश्वविजेता झाला. नॉरिस ४२३, वेरस्टॅपन ४२१, पियास्ट्री ४१०. मामाने वर्तमानपत्राच्या कडेला तिन्ही आकडे लिहिले, जसे तो पूर्वी रेसच्या पुस्तकात लिहायचा.

"त्या गणपतीच्या दिवशी किती गुणांची अदलाबदल झाली?"

"तीन. ती झाली नसती तर नॉरिसचे तीन कमी होऊन पियास्ट्रीचे तीन वाढले असते."

त्याने नॉरिसच्या ४२३ मधून तीन वजा केले. ४२०. मग पेन्सिल वेरस्टॅपनच्या ४२१ वर नेऊन टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं की असा सरळ हिशेब धरता येत नाही, मोंझाचा निकाल वेगळा असता तर पुढच्या आठही शर्यती वेगळ्या चालवल्या गेल्या असत्या. त्याने मान हलवली, त्याला ते घोड्यांवरून ठाऊक होतं.

"आणि ज्याने सोडलं, त्या पोराचे?"

"४१३ झाले असते."

मामाने तोही आकडा लिहिला, वरच्या दोघांशी ताडून बघितला आणि त्याच्यासमोर ३ लिहिलं. तरीही तिसराच.